तीन नंबरच्या कॉम्प्रेसरचं सील

चिलिंग प्लांटच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर, उत्तरेश्वर काळदात्यांनी एक नवंकोरं सील तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं. तळहातावर मावेल एवढी वस्तू. आरशासारख्या गुळगुळीत दोन कड्या, एक स्प्रिंग आणि दोन रबरी वळी. आठ-दहा दिवसांनी ते कागद सोडवायचे, गुळगुळीत बाजूला बोट लागू न देता सील उजेडात फिरवून बघायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. लग्न ठरलेल्या मुलीचा शालू आई मधूनमधून ट्रंकेतून काढून बघते, तसं.

हे सील बसायचं होतं तीन नंबरच्या कॉम्प्रेसरला. आणि बसायचं तर डिसेंबरअखेरच्या चार दिवसांतच, कारण वर्षातून तेवढे चारच दिवस अख्खा कारखाना देखभालीसाठी बंद राहायचा. एकतीस जानेवारीला उत्तरेश्वर निवृत्त होणार होते. ते चार दिवस चुकले की संपलं.

कारखाना सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोर मागे टाकून थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला. औषध कंपन्यांना लागणारी रसायनं तिथे तयार होतात. ती होत असताना काही टाक्या शून्याखाली वीस अंशांवर ठेवाव्या लागतात, नाहीतर आतलं मिश्रण तापून हाताबाहेर जातं. हा गारवा पुरवणारी जागा म्हणजे चिलिंग प्लांट, आणि चिलिंग प्लांट म्हणजे काळदाते मामा, हे समीकरण कारखान्यात पक्कं झालेलं. खरं तर तो एक मोठा फ्रीजच. घरच्या फ्रीजसारखाच त्यात गॅस असतो, बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो. एकदा भरला की तो संपायचं काही कारण नाही. पण तीन नंबरच्या कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथलं जुनं सील झिजलं होतं. तिथून तेल पाझरायचं आणि तेलाबरोबर गॅस निघून जायचा.

या गॅसला ना वास, ना रंग. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. मशीन थांबलेलं असलं की मामा मगभर पाण्यात साबण घोळायचे, दाढीच्या जुन्या ब्रशने तो फेस दांड्याभोवती लावायचे आणि उकिडवे बसून वाट बघायचे. फेसात एक बुडबुडा फुगायचा, फुटायचा. मग दुसरा. नऊ वर्षं ते हे बुडबुडे बघत होते. सुरुवातीला एक फुगायला जप करण्याइतका वेळ लागायचा. आता नाव घेईपर्यंत तीन फुटायचे.

सील बदलायला आठ तास पुरे होते. पण आठ तास मशीन बंद ठेवायला उत्पादन खातं कधी तयार नसायचं. "गॅस भरा आणि चालवा," एवढंच उत्तर. दहा किलोचा सिलिंडर जोडायचा, गॅस भरायचा, चालवायचं. नऊ वर्षं असंच चाललं. यंदा मात्र मामांनी सप्टेंबरातच हट्टाने नवं सील मागवून घेतलं आणि डिसेंबरच्या कामांच्या यादीत पहिल्या ओळीत ते काम लिहिलं. प्लांट आपल्या हाती आला तेव्हा कुठे गळत नव्हता, जाताना तसाच देऊन जायचा, एवढीच त्यांची इच्छा. तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची फार मोठी इच्छा नाही ही.

त्या इच्छेला धार आली ती नम्रतामुळे.

नम्रता कंपनीच्या पर्यावरण विभागात दोन वर्षांपूर्वी लागलेली इंजिनिअर. चिमण्यांमधून काय बाहेर पडतं, किती पडतं, ते कमी कसं करायचं, हे तिचं काम. तिने एकदा कँटीनमध्ये सगळ्या ऑपरेटरांना बसवून हवामानबदलाची माहिती दिली होती. बहुतेकांचं लक्ष समोशांच्या ट्रेकडे होतं. मामांनी मात्र हात वर करून विचारलं, "ताई, आमच्या गॅसला तर धूरच नाही. मग आमचा काय संबंध?"

"काका, तुमचाच सगळ्यात जास्त संबंध आहे," नम्रता म्हणाली. "तुमचा एक किलो गॅस हवेत गेला, की तो चार टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. तुमचं गाव कुठलं?"

"केज. बीडकडं."

तिने लॅपटॉपवर काहीतरी गुणलं. "एक किलो गॅस गळला म्हणजे तुम्ही मोटारसायकलवर दीडशे वेळा केजला जाऊन आलात असं समजा."

सगळे हसले. मामाही हसले. पण बसमध्ये बसल्यावर त्यांच्या डोक्यात चाक फिरायला लागलं. एक किलोला दीडशे खेपा. दहा किलोच्या सिलिंडरला दीड हजार. आणि महिन्याला दोन-तीन सिलिंडर. तरुणपणी आयटीआय करून पुण्याला आल्यापासून सगळ्या लग्नकार्यांना, मयतीमातीला धरून ते केजला सत्तर वेळाही गेले नसतील. आणि हा कॉम्प्रेसर बसल्या जागी हजारो खेपा घालत होता. त्या दिवसापासून सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडताना त्यांचा हात जड व्हायला लागला.

नोव्हेंबरात दिवाळी आटोपल्यावर तीच नम्रता चिलिंग प्लांटमध्ये आली. हातात शटडाउनच्या, म्हणजे डिसेंबरातल्या बंदच्या कामांची यादी. मशीनच्या आवाजात बोलता येईना, म्हणून मामांनी तिला ऑपरेटरच्या केबिनमध्ये नेलं.

"काका, तीन नंबरचं सील यंदा नको बदलायला."

मामांना वाटलं, सुटा भाग कमी पडला असेल. "सील आलंय ताई. कपाटात आहे. दाखवू का?"

"आलंय ते माहीत आहे. एप्रिलमध्ये बदलू. तेव्हा त्यासाठी मशीन एक दिवस थांबवून देणार आहेत."

"एप्रिलमध्ये मी कुठे असणार?"

नम्रता खुर्चीत बसली आणि तिने नीट सांगायला सुरुवात केली. परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाने कारखान्यांना अट घातली होती, की असे वायू तीन वर्षांत तीस टक्क्यांनी कमी करून दाखवा. कमी झाले हे दाखवायचं, तर कशापेक्षा कमी, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी एक पायाचं वर्ष धरायचं. ते हेच वर्ष, एप्रिल ते मार्च. या वर्षात जेवढा गॅस गेला असेल, त्याच्याशी पुढची तुलना.

"म्हणजे यंदा सील बदललं, तर यंदाचाच आकडा कमी होणार," मामा सावकाश म्हणाले.

"हो. आणि मग त्या कमी आकड्यापासून पुढे अजून तीस टक्के कमी करायचे. ते जमणार नाही."

"व्यायामशाळेत नाव घालताना खिशात दगड ठेवून वजनकाट्यावर उभं राहायचं. मग दगड काढायचे आणि म्हणायचं, बघा, कसा बारीक झालो."

नम्रताचा चेहरा उतरला. "मी असं म्हणत नाहीये काका."

"मग मार्चपर्यंत गळू द्या, असं म्हणताय."

"गळू द्या असंही नाही. बदल करू नका, एवढंच. वरून, जयसिंग सरांचाच निरोप आहे."

"तेच की ताई."

यादीतल्या पहिल्या ओळीवर तिने आडवी रेघ मारली, तीही हलक्या हाताने, पेन्सिलीने.

त्यानंतरच्या पाळ्या मामांना खायला उठल्या. कपाटात सील, खिशात पाना, हातात कसब, आणि समोर तीन हातांवर गळती. एखाद्याच्या पायात काटा मोडावा, हातात सुई असावी आणि मार्चपर्यंत काढू नकोस म्हणून बजावलं जावं, तशी गत. खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये तेल साठायचं. ते ओतून टाकताना मामा दुसरीकडे बघायचे.

तीनेक आठवड्यांनी त्यांना एक गोष्ट सुचली आणि ते जेवणाच्या सुट्टीत थेट पर्यावरण विभागात गेले.

"ताई, पायाचं वर्ष यंदाचंच कशाला? मागचं धरा. मागच्या वर्षीही गळतच होतं. आकडा मोठाच निघेल. मग सील डिसेंबरात बदललं तरी ती तुमची घटच झाली की नाही?"

नम्रताने त्यांच्याकडे असं बघितलं, की मामांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. "मी तेच पहिल्यांदा करून बघितलं काका," ती म्हणाली. तिने मागच्या वर्षाची तीन जाड रजिस्टरं कपाटातून काढून टेबलावर ठेवली. "चिलिंग प्लांटची. तीनशे पासष्ट दिवस, रोज तीन पाळ्या. गॅस भरल्याची नोंद किती वेळा आहे, सांगा."

मामांना ती उघडायची गरज नव्हती.

"एकदाही नाही," नम्रता म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षी नाही, त्याच्याही आदल्या वर्षी नाही. स्टोअरमधून गॅस जातो तो सगळ्या खात्यांना एकत्र. ऑफिसचे एसी, शीतगृह, सगळं त्यातच. तुमच्या प्लांटला किती, हे फक्त तुमचं रजिस्टर सांगू शकतं. आणि ते म्हणतं, शून्य. शून्यातून तीस टक्के कसे कमी करायचे? म्हणून यंदापासून वजनकाटा बसवला आणि यंदाचंच वर्ष धरावं लागलं."

मामांनी वरचं रजिस्टर उघडलं. त्यांचंच अक्षर. बाळबोध, शाळेत बक्षीस मिळालेलं. प्रत्येक पाळीखाली तेच दोन शब्द: सर्व ठीक.

यामागे एक जुनी गोष्ट होती. मामा नवे असताना त्यांनी एकदा इमानेइतबारे लिहिलं होतं, 'गॅस कमी आढळला, भरला.' दुसऱ्या दिवशी त्या वेळच्या पाळी अधिकाऱ्याने सगळ्यांदेखत रजिस्टर वाचून दाखवलं. "गॅस नेमका तुमच्याच पाळीत कसा कमी होतो हो? खाता की काय?" चिलिंग प्लांटमध्ये तेव्हापासून एक अलिखित रीत पडली. ज्याला दाब कमी दिसेल, त्याने मुकाट्याने गॅस भरायचा आणि लिहायचं नाही. पाळीचा ताबा देणाऱ्याने सांगायचं नाही, घेणाऱ्याने विचारायचं नाही. चांगल्या ऑपरेटरचं यंत्र गॅस मागत नाही, हा तिथला मान. नवा ऑपरेटर आला की मामाच त्याला ही रीत शिकवायचे. आताच्या साईनाथलाही त्यांनीच शिकवली होती. गेटच्या भिंतीवर 'उत्कृष्ट ऑपरेटर' म्हणून मामांचा फोटो लागला, तो याच रजिस्टरांच्या जोरावर.

म्हणजे ज्या भिंतीवर डोकं आपटत होतं, ती त्यांनीच एकेक ओळ लिहून बांधली होती.

घर कात्रजला, दूध डेअरीच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, खिडकीत मुक्ताईंचं शिलाई मशीन. मुक्ताई साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. मामांनी चहाला हात लावला नाही, तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं.

"अहो, काय झालंय सांगणार आहात, की मी शेजारी जाऊन विचारू?"

मामांनी सगळं सांगितलं. मुक्ताईंनी दोरा दातांनी तोडला.

"मग सांगून टाका ना, इतका गॅस भरत होतो म्हणून."

"तसं सांगितलं, तर मी इतकी वर्षं खोटं लिहिलं असं होतं."

"होतं म्हणजे? लिहिलंच की."

"दीड महिना राहिलाय मुक्ता. निरोपाला हार घालतील, शाल देतील. तिथे ताठ मानेनं उभं राहायचंय मला."

"ते राहा. मी कुठे नाही म्हणते? पण चहा प्या आधी. तो काही रजिस्टरमध्ये लिहायचा नाहीये."

मामा चहा प्याले. एक गोष्ट मात्र त्यांनी मुक्ताईंनाही सांगितली नव्हती. प्लांटमधले ऑपरेटर सोडले, तर कोणालाच सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नम्रताला प्लांटमध्ये बोलावून घेतलं. तीन नंबरच्या विजेच्या पॅनेलचं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूवर टॉर्च मारला. तिथे वरपासून खालपर्यंत काळ्या मार्करच्या उभ्या रेघा होत्या. प्रत्येक ओळीपुढे महिना आणि साल. नऊ वर्षांच्या ओळी. वरच्या ओळींत महिन्याला एखादी रेघ, खाली येता येता दोन-तीन.

"हे काय आहे काका?"

"एक रेघ म्हणजे एक सिलिंडर. रजिस्टरला नाही सांगता आलं. पण मला तर कळायला हवं ना, गळती किती वाढतेय."

"आणि बाकीच्या पाळ्यांचे?"

"रिकामा सिलिंडर ज्याचा, त्यानं इथे रेघ मारायची. तेवढी शिस्त होती."

नम्रताने मागच्या वर्षाच्या रेघा मोजल्या. अठ्ठावीस. दोनशे ऐंशी किलो. तिने खात्याच्या कॅमेऱ्याने पटापट फोटो काढले. "काका, स्टोअरच्या आकड्याशी हे मिळतंजुळतं निघालं तर मागचं वर्ष धरता येईल. तुमचं सील डिसेंबरात बसेल!" बोलता बोलता ती थांबली. "पण तुम्हाला लिहून द्यावं लागेल, की रजिस्टरं चुकीची आहेत."

"माहीत आहे."

नम्रताने फोटो जयसिंग साहेबांना दाखवले, आणि संध्याकाळी त्यांनी दोघांना बोलावलं. जयसिंगराव कारखान्याचे व्यवस्थापक. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्याची त्यांना गरजच पडत नसे.

"या काळदाते. निवृत्तीला दीड महिना राहिला आणि सत्याचा साक्षात्कार झाला म्हणे. छान. वानप्रस्थाची तयारी वेळेवर चाललीय."

मामा उभेच राहिले.

"रजिस्टरच्या प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या पानावर कोणाची सही असते?"

"तुमची, साहेब."

"मग तुम्ही खोटं लिहिलं, तर मी नऊ वर्षं खोट्याखाली सही केली. उद्या ऑडिटवाला विचारेल, गॅसचं रजिस्टर खोटं, तर बॉयलरचं कशावरून खरं? सेफ्टी व्हॉल्व्हचं कशावरून खरं? आहे उत्तर?"

"साहेब, सील बदललं तर..."

"एप्रिलमध्ये बदलेल. तुमच्या हाताने नाही, एवढाच काय तो फरक. नम्रता, ते फोटो डिलीट करा. आणि काळदाते, शटडाउनमध्ये पॅनेल रंगवायचेच आहेत. तीन नंबरपासून सुरुवात करा. उद्याच."

रंगाचं काम आलं साईनाथकडे. तो लोणी काळभोरचाच, पस्तिशीचा, मामांच्या हाताखाली तयार झालेला. राखाडी रंगाचा डबा घेऊन तो पॅनेलसमोर बराच वेळ उभा राहिला.

"मामा, सायबानी सांगितलंय. म्या काय करू?"

"रंगव."

"ह्यातल्या निम्म्या रेघा माझ्या हायत." त्याने डबा खाली ठेवला. "थिनर न्हाय म्हून सांगतो. स्टोअरवाला दोन दिस लावतोच. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मामांना दोन दिवस मिळाले. आणि दुसऱ्या दिवशी कोथरूडहून तपासनीस आला. गिऱ्हाइकाच्या वतीने आकडे पडताळणाऱ्या संस्थेचा तो माणूस, नाव शुभंकर. वय नम्रताएवढंच, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, डोक्यावर कारखान्याचं पांढरं हेल्मेट सारखं पुढे घसरणारं. जयसिंग साहेब स्वतः त्याला प्लांट दाखवत होते. शुभंकर वजनकाटा बघत होता, टिपणं घेत होता. चिलिंग प्लांटमध्ये आल्यावर त्याने मामांना सहज, विचारायचं म्हणून विचारलं, "यंदापासून गॅसची नोंद ठेवताय ते चांगलं आहे. त्याआधी साधारण किती लागायचा?"

जयसिंग साहेबांनीच उत्तर दिलं. "रजिस्टरप्रमाणे नगण्य."

शुभंकरने मान डोलावली आणि पान उलटलं. नम्रता जमिनीकडे बघत होती. मागे तीन नंबर एका लयीत धडधडत होता. मामांना वाटलं, आता तोंड उघडलं नाही, तर हा पोरगा पुढच्या खोलीत जाईल, आणि आपण एकतीस जानेवारीपर्यंत या ट्रेमधलं तेल ओतत बसू.

"साहेब, नगण्य नाही," ते म्हणाले. "मागच्या वर्षी अठ्ठावीस सिलिंडर. दहा-दहा किलोचे."

"कशावरून?"

मामांनी पॅनेलचं दार उघडलं.

शुभंकर बराच वेळ त्या रेघांसमोर वाकून उभा होता. मग त्याने स्टोअरचा मागच्या वर्षीचा एकूण आकडा मागवला, त्यातून एसी आणि शीतगृहाचा गॅस वजा केला. त्या दोन्हींची दुरुस्ती बाहेरचा कंत्राटदार करायचा, त्याची कागदपत्रं नीट होती. उरले दोनशे ब्याण्णव किलो. दारावर दोनशे ऐंशी.

"रजिस्टरपेक्षा हे दार जास्त खरं बोलतंय," तो म्हणाला. त्याने त्याच्या परीने विनोद केला असावा. कोणी हसलं नाही. "यांचं लेखी निवेदन मिळालं, तर मागचं वर्ष पाया म्हणून धरता येईल. यंदाची दुरुस्ती घट म्हणून दाखवा. तुमचाच फायदा आहे, सर."

"अर्थातच," जयसिंग साहेब म्हणाले.

फायदा साहेबांच्या लगेच लक्षात आला. दोनच दिवसांत शटडाउनच्या यादीत पहिली ओळ परत आली, या वेळी टाइप केलेली. आणि त्याच दिवशी मामांना एक पत्र मिळालं. रजिस्टरमधल्या चुकीच्या नोंदींची चौकशी होईल. तोपर्यंत काळदाते यांनी घरी थांबावं, प्लांटमध्ये त्यांना प्रवेश नाही. सोबतच्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं सोमवारी, एकोणतीस तारखेला, सकाळी दहाच्या आत आणून द्यावीत.

प्रवेशबंदी चोवीस तारखेपासून. शटडाउन सव्वीसपासून.

तेवीस तारखेला पाळी संपल्यावर मामांनी कपाटातून सील काढलं आणि साईनाथच्या हातात दिलं. "गुळगुळीत बाजूला बोट लावू नको. बसवताना तेल सोड, भरपूर. नट एका बाजूनं आवळत जाऊ नको, समोरासमोरचे घे. आणि बसलं की लगेच चालू करायचं नाही. दाब भरून चोवीस तास ठेव. काटा हलला, तर परत खोल. कोणी घाई केली, तर म्हणावं मामांनी सांगितलंय." मग त्यांच्या लक्षात आलं, की या शेवटच्या वाक्याला आता काही वजन उरलेलं नाही.

सव्वीस तारीख उजाडली. सकाळी सहाला कात्रज चौकात कंपनीची बस येते. मामा पावणेसहाला तयार होऊन बसले होते, अंगात गणवेश. मुक्ताईंनी बघितलं आणि काही न बोलता त्यांचा डबा भरून दिला. मामा डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. बस येऊन गेल्याचा हॉर्न ऐकू आला. साडेदहाला त्यांनी घरीच डबा उघडून खाल्ला.

कारखान्यात मोबाइल नेता येत नाही. गेटवर जमा करावा लागतो. त्यामुळे आत काय चाललंय, हे कळायचा मार्गच नव्हता. आता झडप बंद केली असेल. आता कपलिंग सोडवलं असेल. जुनं सील निघताना अडलं तर? साईनाथने हातोडी मारली तर? दोन खोल्यांत मामा येरझारा घालत राहिले. मुक्ताईंच्या मशीनचा टकटक आवाज त्यांना असह्य झाला, आणि मशीन थांबलं की शांतताही असह्य व्हायची. "भाजी आणा," मुक्ताईंनी सांगितलं. मामा गेले आणि पिशवी रिकामीच घेऊन आले. दुपारी त्यांनी नम्रताला फोन लावला. बंद. तिचाही गेटवर.

अठ्ठावीस तारखेला, रविवारी, चार वाजून दहा मिनिटांनी साईनाथचा फोन आला. मागून ट्रकचे हॉर्न. म्हणजे गेटबाहेर आला होता.

"मामा, सील बसलं."

मामा उभे राहिले. "दाब?"

"काल तीनला भरला. आज तीनला बघितला. काटा जाग्यावर हाय. साबण लावला, तुमच्याच ब्रशनं. एक बुडबुडा न्हाय."

"नट समोरासमोरचे घेतले?"

"घेतले वो. मधी जयसिंग सायब आले, म्हनले, चालू करून टाका, चोवीस तास कशाला. मी म्हनलं, न्हाय सायेब, काटा बगायचाय."

मामांनी मुक्ताईंकडे बघून नुसती मान हलवली. मुक्ताईंनी देवाकडे बघून हात जोडले आणि परत साडी उचलली.

"मामा," साईनाथचा आवाज खाली आला. "उद्या तुमचा कागद द्यायचाय ना?"

"हो."

"त्यो तिसरा प्रश्न..."

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मामांनी कधीच लिहून ठेवली होती. चुकीच्या नोंदी तुम्ही केल्या का? होय. जाणूनबुजून? होय, नऊ वर्षं. तिसऱ्याखालची जागा कोरी होती. ही बाब इतर कोणत्याही कर्मचाऱ्यास माहीत होती का? असल्यास नावे द्यावीत.

"माझं नाव न्हाय ना लिवलं?" साईनाथ म्हणाला. "माझी वीस-बावीस वर्षं ऱ्हायल्यात मामा. पोरगी आताशी पहिलीत घातलीय. तुम्ही चाललाय, तुम्हाला काय... म्हंजे तसं न्हाय म्हनायचं मला. पन तुम्ही समजून घ्या."

"सील नीट बसवलंस," मामा म्हणाले. "आता घरी जा. दमला असशील."

फोन ठेवून ते टेबलाशी बसले. पत्र काढलं. आता एकही खोटी ओळ लिहायची नाही, असं त्यांनी पॅनेलचं दार उघडलं त्याच क्षणी मनाशी ठरवलं होतं. ते पाळायचं, तर दाराच्या रेघांसमोर उभा राहणारा आणि थिनर संपलंय म्हणणारा माणूस या कागदावर यायला हवा. साईनाथचं नाव यायला हवं. बाकीच्या दोघा ऑपरेटरांचं यायला हवं. आणि खरं सांगायचं, तर जयसिंग साहेबांचंही. पण ते नाव लिहून त्यांचं काय होणार होतं? भरडले जाणार ते हे तिघे. आणि त्यांना ती रीत शिकवली कोणी?

पेनाचं टोपण काढून ते अर्धा तास बसून राहिले. बाहेर डेअरीच्या गाड्या लागायला लागल्या होत्या. मुक्ताईंनी दिवा लावला.

मग मामांनी लिहिलं. एकच शब्द. त्याखाली सही, तारीख, कर्मचारी क्रमांक.

मुक्ताईंनी कागद उचलून वाचला. पहिलं उत्तर, दुसरं, तिसरं. तिसऱ्यावर त्या थांबल्या.

"'नाही' लिहिलंय. खरंय का हे?"

"नाही."

"मग?"

मामांनी कागद त्यांच्या हातातून घेतला, घडी घातली आणि पाकिटात सरकवला. "सहाची बस मला घेणार नाही उद्या," ते म्हणाले. "पीएमटीनं जावं लागेल. पाचला उठव."